इवले कान

ओरेकिएत्ते म्हणजे इवले कान. दक्षिण इटलीतल्या पुलिया प्रांताचा हा पास्ता रवा आणि पाणी एवढ्यावरच होतो; त्याला अंडे लागत नाही, यंत्र लागत नाही. बारी शहराच्या जुन्या भागात आर्को बास्सो नावाची अरुंद गल्ली आहे. तिथे बायका दारापुढे लाकडी पाट मांडून बसतात, पिठाच्या वळकटीचा कण सुरीने पाटावर ओढतात आणि अंगठ्यावर उलटा करतात. क्षणात कान तयार होतो. जाळ्यांवर वाळत घातलेले हे पिवळसर कान ही त्या गल्लीची ओळखच होऊन बसली आहे.

जेवायला नाक मुरडणाऱ्या मुलांना हा पास्ता जवळचा वाटतो, तो त्याच्या घडणीमुळे. साधारण 2 ते 6 या वयात अनोळखी अन्नाचे भय सर्वांत जास्त असते. तो मुलाचा दुष्टपणा नव्हे, वाढीचा टप्पा आहे. नवा पदार्थ मूल आधी डोळ्यांनी चाखते, मग बोटांनी. जिभेची पाळी शेवटी येते. एखादी चव आपलीशी व्हायला तिची आठ-दहा वेळा गाठ पडावी लागते, आणि दटावून भरवले तर ती आणखी दूर जाते. पीठ हातात आले की डोळ्यांची आणि बोटांची ओळख ताट वाढण्याआधीच होऊन जाते.

चौघांसाठी 300 ग्रॅम बारीक रवा मिक्सरमधून फिरवून घ्यावा. इटलीत तो ड्युरम या कठीण, पिवळसर गव्हाचा असतो. महाराष्ट्रात बन्सी गहू त्याच जातीचा. रव्यात चिमूटभर मीठ घालून सुमारे 150 मिलिलीटर कोमट पाणी थोडे थोडे शिंपावे. सुरुवातीला गोळा खरखरीत लागतो, भेगाळतो. दहा मिनिटे तळव्याने रेटून मळला की पाणी कणाकणात मुरते, गव्हातली प्रथिने एकमेकांत गुंततात आणि पीठ कानाच्या पाळीसारखे मऊ होते. मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावे, म्हणजे त्यातला ताण सैल पडतो.

आता पाटाभोवती मुले बसतात. करंगळीएवढ्या जाडीची वळकटी मोठ्या माणसाने करावी आणि शेंगदाण्याएवढे तुकडे पाडावेत. ते दाबण्याचे काम मुलांचे. चार वर्षांच्या मुलाचा अंगठा तुकड्यावर टेकतो, किंचित पुढे सरकतो. कडा वर उचलल्या जातात, मधे खळगा पडतो आणि त्यात अंगठ्याच्या बारीक रेषाही उमटतात. काट्याच्या पाठीवर ओढलेल्या तुकड्याला चिरा पडतात, चौकोन मधे चिमटला की फुलपाखरू होते. कुणाचा कान सशाचा, कुणाचा हत्तीचा. खळगा आणि चिरा केवळ शोभेच्या नाहीत. पुढे रस्सा त्यांतच थांबतो.

मराठी घरांना ही कला परकी नाही. लग्नाच्या रुखवतात मांडले जाणारे गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे हे वळवट याच जातीचे. नखुल्यावर नखाची कोर उमटते, ओरेकिएत्तेवर अंगठा. वळवटाची खीर होते, कानांना टोमॅटोचा रस्सा भेटतो, एवढाच फरक.

रस्सा आधी करून ठेवावा. चमचाभर तेलात लसणाची पाकळी परतावी, त्यात चार पिकलेले टोमॅटो आणि एक किसलेले गाजर घालून मंद आचेवर अर्धा तास शिजू द्यावे. गाजराने आंबटपणा मवाळ होतो. बारीत या पास्त्याबरोबर किंचित कडसर पालेभाजी घालतात. मुलांची जीभ सरावली की तीही येईल. मोठ्या पातेल्यात खारट पाणी खळखळू लागले की कान सोडावेत. तळाशी गेलेले कान थोड्याच वेळात वर तरंगतात. तरंगल्यावर एक-दोन मिनिटांनी एक चाखून पाहावा. उपसण्यापूर्वी वाटीभर पाणी काढून ठेवावे. त्यातल्या पिठूळपणाने रस्सा कानांना बिलगतो. वरून चीज किसावे.

उरलेले कच्चे कान रवा भुरभुरून ताटात मोकळे पसरावेत आणि फ्रीझरमध्ये ठेवावेत; कडक झाले की डब्यात भरून पुढच्या वेळी तसेच उकळत्या पाण्यात सोडता येतात.

ताट वाढले की आग्रह थांबवावा. मूल आधी आपला अंगठा उमटलेला कान शोधते, तो बोटांनी उचलून सगळ्यांना दाखवते आणि मगच तोंडात टाकते. एखाद्या दिवशी टाकणारही नाही. तरी पुढच्या रविवारी पाट पुन्हा मांडावा.