दोनशे दहा रुपयांचा ग्लो

फ्रीलान्सर असण्याचा एक नियम आहे. लेख वेळेवर द्यायचा, चेक मात्र येईल तेव्हा! या वर्षी एका ठिकाणचे पैसे तीन महिने अडकले आणि माझ्या बजेटमधून सगळ्यात आधी पार्लर उडालं. दर महिन्याचं नऊशे रुपयांचं फेशियल बंद. मग काय, म्हटलं घरीच करू. किचनमधलं लिंबू कापलं, मधात पिळलं, चेहऱ्याला फासलं आणि तासाभरात टू-व्हीलरवरून असाइनमेंटला निघाले. भर उन्हात!

संध्याकाळी गाल लालबुंद, दुसऱ्या दिवशी चट्टे. स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं, लिंबाचा रस त्वचेवर राहिला आणि ऊन लागलं की असं भाजतं. फी आणि क्रीम मिळून आठशे रुपये. बचत गेली की हो!

साताऱ्याला आजीला फोन केला. ती हसायलाच लागली. "अगं, लिंबू सरबतात घालतात, तोंडाला नाही. लिहून घे." चट्टे गेले, तेव्हा तिची ती यादी घेऊन मी पोचले मंडईत.

आता इथे यायला पार्किंग शोधावं लागत नाही, 2024 पासून मेट्रो थेट मंडईत सोडते. बाहेर आलं की समोर ती 1886 सालची दगडी, मनोऱ्याची इमारत. तिथून तुळशीबाग दोन मिनिटांवर. क्लिपा, कानातली, बटाव्याची भांडी, 'या ताई, बघून तर जा' या सगळ्या मोहांतून सहीसलामत बाहेर पडलात, तर आसपासच्या गल्ल्यांत काष्ठौषधीची दुकानं सापडतात. नाकानेच शोधायची. वाळा, कापूर, शिकेकाई... दिवाळीच्या पहाटेचा वास बारा महिने!

काकांनी यादी वाचली आणि चष्म्यावरून बघितलं. "उटणं करताय? पावडरच घ्या ताई, आख्ख्या नागरमोथ्याने मिक्सरचं भांडं जाईल." मुलतानी माती 20 रुपये, आंबेहळद 40, नागरमोथा 30, वाळा 35, कचोरा 40, गुलाबपाकळी 45. टोटल 210. नागरमोथा म्हणजे शेतातल्या लव्हाळ्याचे कंद आणि वाळा म्हणजे एका गवताची मुळं, हे मला त्या दिवशी कळलं. मास कम्युनिकेशनच्या डिग्रीत हे नव्हतं, बॉस!

कृती सोपी. चार भाग मसूरडाळीचं पीठ, एक भाग मुलतानी माती, अर्धा भाग आंबेहळद आणि बाकी सगळं पाव-पाव भाग. चाळायचं आणि कोरड्या बरणीत भरायचं. लागेल तेवढंच दुधात किंवा गुलाबपाण्यात कालवायचं. कालवलेलं उरलं तर टाकून द्या. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं, ते खराब होतं. चेहऱ्यावर पूर्ण कडक होऊ देऊ नका, माती त्वचा ओढते. ड्राय स्किनवाल्यांनी माती निम्मी करावी. आणि पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. 'नॅचरल' आहे म्हणून सगळ्यांना सोसतंच असं नाही. माझे गाल साक्षीदार आहेत! सनस्क्रीन मात्र विकतचंच. ते घरी होत नाही.

बरणी मला तीन महिने पुरली. तेवढ्यात अडकलेला चेकही आला. पार्लरला परत जाता आलं असतं, पण त्या रविवारी मी पुन्हा मंडईची मेट्रो पकडली. काकांनी न विचारता पुड्या बांधायला घेतल्या. या वेळी डबल. एक पुडकं साताऱ्याला जायचं होतं. आजी म्हणाली होती, "माझंही संपलंय गं, पण आता मंडईपर्यंत कोण नेणार मला?"