डॉक्टर नो आणि कोळंबी

लेक जॅक्सन, टेक्सस

प्रिय दिनू,

तुझं पत्र पोचलं. वहीत रकाने पाडून खासदारांना गुण द्यायला बसलास, हे वाचून हसू आलं. शाळेत रेडिओला कान लावून तू धावांची अशीच वही ठेवायचास. आता एक रकाना नागरिकांच्या स्वातंत्र्याचा आणि दुसरा सरकारच्या हाताला आवर घालण्याचा. 'तुझ्या त्या डॉक्टरला शंभरपैकी किती?' असं विचारलंस. चार दिवस विचार करतोय, आकडा काही बसेना.

डॉक्टर म्हणजे रॉन पॉल. आमच्याच गावचा. डाऊ कंपनीच्या कामगारांसाठी वसवलेलं हे गाव. इथल्या रस्त्यांची नावं 'धिस वे' आणि 'दॅट वे' अशी आहेत, थट्टा नाही. त्यानं चार हजारांवर बाळंतपणं केली आणि वर्षानुवर्षं संसदेत 'नाही' म्हणत बसला. घटनेनं जे काम केंद्र सरकारकडे स्पष्ट सोपवलेलं नाही, त्याला आपलं मत नाही, हा त्याचा खाक्या. म्हणून 'डॉक्टर नो'.

१९९९ साली वंशभेदाविरुद्ध लढलेल्या रोझा पार्क्सबाईंना संसदेचं सुवर्णपदक द्यायचं ठरलं. ४२४ बाजूनं, विरोधात हा एकटा. बाईंबद्दल आदर आहे, पण लोकांच्या करातून पदकं वाटणं म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. वर 'माझ्या खिशातून शंभर डॉलर देतो, तुम्हीही काढा' म्हणाला. असल्या मताला तू गुण देशील. मी फारसे देणार नाही. ४२४ विरुद्ध एक असताना निकाल बदलायची भीती नसते, आणि डॉक्टरच्या नावाला आणखी धार चढते.

ऑक्टोबर २००१चं मत मात्र वजनदार. न्यूयॉर्कचे मनोरे पडून दीड महिनाही झाला नव्हता. पोलिसांना पाळत ठेवायचे, कागदपत्रं मागवायचे वाढीव अधिकार देणारा पॅट्रियट कायदा आला आणि ३५७ विरुद्ध ६६ असा मंजूर झाला. विरोधातले रिपब्लिकन फक्त तीन, त्यांत हा. विधेयक वाचायलाही दिलं नाही, ही त्याची तक्रार. पुढच्या वर्षी इराकवर चाल करायचा ठराव आला, तेव्हा विरोधात गेलेले रिपब्लिकन सहा, त्यांतही हा. राष्ट्राध्यक्ष त्याच्याच पक्षाचा आणि त्याच्याच राज्याचा. इथे घराघरावर झेंडे लागले होते. त्या दिवसांत 'नाही' म्हणायला छाती लागत होती. मी किराणा आणायला जाताना दाढी गुळगुळीत करून जायचो, तेवढ्यावरून समज.

पण तुझ्या वहीत हेही टिपून ठेव: १४ सप्टेंबर २००१ला राष्ट्राध्यक्षाला लष्कर वापरायची मोकळीक देणारा ठराव ४२० विरुद्ध १ असा झाला. तो एक म्हणजे डॉक्टर नव्हे, कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली. डॉक्टर त्या दिवशी 'हो' म्हणाला.

आता कोळंबी. आमचा भाग समुद्रकाठचा, कोळंबीच्या बोटींचा. खर्चाच्या विधेयकात कोळंबीवाल्यांसाठी आणि अशाच स्थानिक कामांसाठी डॉक्टर रकमा घालून घ्यायचा. मग विधेयक मताला आलं की 'सरकार फार खर्च करतं' म्हणून विरोधात मत द्यायचा. मंजूर होणार हे त्यालाही ठाऊक असायचं. माझ्या लोकांनी कर भरलाय, त्यातलं थोडं परत आणतो, हा त्याचा युक्तिवाद. युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण मतांच्या यादीत नुसतं 'नाही' दिसतं. कोळंबी दिसत नाही.

आणि २००४चा जून. वंशभेदाला कायद्यानं बंदी करणाऱ्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याला चाळीस वर्षं झाली, म्हणून गौरवाचा ठराव आला. ४१४ विरुद्ध १. पुन्हा हाच. सरकारनं लादलेला भेदभाव त्यालाही नको होता. पण खानावळवाल्यानं कुणाला वाढायचं हे सरकारनं सांगणं म्हणजे खासगी मालमत्तेवर घाला, असं त्याचं म्हणणं. ते वाचताना मला महाड आठवलं. १९२३ला मुंबई कौन्सिलनं सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करायचा ठराव केला, नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं, आणि तरी १९२७ला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. मग सवर्ण कोर्टात काय म्हणत गेले? तळं आमच्या खासगी मालकीचं आहे. हायकोर्टाचा निकाल १९३७ साली बाबासाहेबांच्या बाजूनं लागेपर्यंत दहा वर्षं गेली. त्या दहा वर्षांत सरकार लहान असून तहानलेल्याला काय मिळालं, हे डॉक्टरला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. या एका मतानं त्याचे गुण किती कमी करायचे, तेच मला ठरवता येत नाही.

तुझं काम तर याहून अवघड. तुमच्याकडे बरंचसं आवाजी मतदानात उरकतं. कोण 'हो' म्हणालं हे त्या गलक्यालाच ठाऊक. मतविभागणी झालीच, तर १९८५पासून पक्षादेश मोडणाऱ्याची खासदारकी जायची भीती. म्हणजे तू गुण देणार ते खासदाराला की पक्षाच्या प्रतोदाला? यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याची २०१९ची दुरुस्ती घे, एकेका माणसालाच दहशतवादी ठरवता येईल अशी. लोकसभेत २८७ विरुद्ध ८. काँग्रेसनं त्या दिवशी सभात्याग केला आणि नऊ दिवसांनी राज्यसभेत बाजूनं मत दिलं. सभात्यागाला तुझ्या वहीत रकाना आहे का? नसला तर आधी तो पाड.

मी डॉक्टरला मत दिलं का, हे तू तिरकसपणे विचारलंच आहेस. २००४च्या नोव्हेंबरात मी ठरवून गेलो होतो की यंदा याला नाही. मतपत्रिका उघडली तर त्याच्यासमोर कुणी उभंच नव्हतं. रकाना कोरा सोडून घरी आलो. येताना बंदरावरून शेरभर कोळंबी घेतली.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सदू