पेटीचा उपास

समुद्र आणि बार्शी यांचा संबंध काय, असें वाचक विचारतील. एवढाच, कीं मुलांच्या हट्टाखातर आम्हीं दर लिटर पाण्यांत सुमारें 35 ग्रॅम सागरी क्षार विरघळवून दिवाणखान्यांतील कांचेच्या पेटींत तो घरींच बनविला. पुढें एक नवा मासा आणला व त्याच संध्याकाळीं पेटींत सोडला. पाहुण्यास आधीं कांहीं आठवडे वेगळें ठेवावें, हें ज्ञान आम्हांस होतें, धीर नव्हता.

लवकरच माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठले. चार-पांच दिवसांनीं ते आपोआप गेले, तेव्हां आम्ही पेढे वांटण्याच्या बेतांत होतों! परंतु क्रिप्टोकॅरिऑन नांवाचा हा परोपजीवी माशावरून गळून तळाशीं कोश बांधतो, आणि त्यांतून असंख्य पिलें नव्या यजमानाच्या शोधांत निघतात. दुसऱ्या खेपेस तीन मासे दगावले.

उरलेल्या दोघांस वेगळ्या टाकींत तांब्याचें औषध दिलें. पेटींतील शंख-प्रवाळांस तें विषच. पेटी मात्र अडीच महिने माशांवांचून ठेवली. यजमान न मिळाल्यास तीं पिलें उपासानें मरतात.

अंबरीषाच्या द्वादशीव्रताची कथा सांगणारें हें भगवंताचें गांव. येथें आमच्या पेटीनेंही व्रत केलें. धाकटी रोज त्या निर्जन पाण्यापाशीं उभी राहून विचारी, "आज कितवा दिवस?" उतावीळ आमचा, उपास पेटीचा आणि प्राण माशांचे, हा हिशेब तिला सांगतांना आमची मान खालीं जाई.