पाण्याचा आवाज

परवां रात्रीं पावसाचा जोर वाढला आणि आमच्या भागांतील शिरस्त्याप्रमाणें वीज गेली. चांचपडत मेणबत्ती लावली, तों उंबऱ्याच्या आंत चपलांच्या शेजारीं एक बेडूक बसलेला दिसला. वाट चुकलेल्या पाहुण्यासारखा नव्हे, घरमालकाच्या ऐटींत. मुलांनीं आरडाओरडा केला, सूनबाईंनीं केरसुणी उचलली. आणि मीं, या वयांत उरलेल्या थोड्याशा अधिकारांपैकीं एक वापरून, त्याला एका जाड कागदावर घेतलें आणि अंगणांतल्या कर्दळीखालीं नेऊन सोडलें. आमचे एक इंजिनिअर स्नेही संध्याकाळीं गप्पा मारावयास आले होते ते पावसामुळें अडकून पडले होते. त्यांनीं खुर्चीवरून हा सोहळा पाहिला आणि ते हंसून म्हणाले, "एवढी खातर? उद्यां नातेवाईक घेऊन येईल तो!"

बेडकाविषयीं आपल्या मनांत आदर असा कधीं नसतोच. कोत्या बुद्धीच्या माणसाला आपण कूपमंडूक म्हणतों, आणि कोणी उगीच मोठेपणा मिरवूं लागला कीं बैलाएवढें होऊं पाहणाऱ्या बेडकाची त्याला आठवण देतों. ऋग्वेदांतल्या मंडूकसूक्तांत त्याच्या ओरडण्याला वेदपठण करणाऱ्या ब्राह्मणांची उपमा दिली आहे. पण ती वाचतांनाहि आपण ऋषींची थट्टेखोर वृत्ति पाहतों, बेडकाची थोरवी पाहत नाहीं. माझा स्वतःचा त्याच्याशीं जवळचा संबंध आला तो कॉलेजांतल्या मेणाच्या थाळींत. चारी पाय टांचण्यांनीं ताणून मीं त्याचें पोट उघडलें, तेव्हां त्याचें हृदय पुष्कळ वेळ धडधडत होतें. त्या धडधडीवर मला चांगले गुण मिळाले. तें देणें अजून फिटलेलें नाहीं असें मला अधूनमधून वाटतें. बेडूक कागदावर घेऊन बाहेर सोडण्याच्या माझ्या संवयीचें मूळ बहुधा त्यांतच असावें.

पाऊस थांबेना, वीज येईना. तेव्हां वेळ घालवावा म्हणून मीं स्नेह्यांना किहान्सीच्या बेडकाची हकीकत सांगितली.

पूर्व आफ्रिकेंत टांझानिया देशांत उद्झुंग्वा नांवाचे डोंगर आहेत. त्यांच्या कड्यावरून किहान्सी नदी एका अरुंद घळींत कोसळते. पूर्वीं तिचा लोट इतका मोठा असे कीं खडकांवर आपटून उडणारे तुषार रात्रंदिवस, बाराही महिने, जवळच्या उतारांवर भुरभुरत राहत. त्या तुषारांवर वाढलेल्या गवताच्या आणि शेवाळाच्या पट्ट्या साऱ्या मिळून सुमारें २ हेक्टर, म्हणजे आपले पांच एकर. या पांच एकरांत मोहरीच्या रंगाचा एक चिमुकला बेडूक राहत असे. शास्त्रज्ञ त्याला भेकांत गणतात. आपण बेडूकच म्हणूं. पूर्ण वाढलेली मादी तीन सेंटिमीटरांच्या आंत, नर तिच्याहूनहि लहान. ही मादी पाण्यांत अंडीं घालीत नाहीं. सरळ पिल्लांनाच जन्म देते, आणि तीं पिल्लें हातापायांसह भिजलेल्या साबुदाण्याएवढीं असतात. जगाच्या पाठीवर दुसरीकडे कोठेंहि हा प्राणी नव्हता.

माणसाच्या दृष्टीस तो प्रथम पडला १९९६ सालीं, आणि तोहि धरणामुळें. नदीवर विजेसाठीं धरणाचें काम सुरू झालें होतें. त्यानिमित्त घळींतल्या झाडाझुडपांची आणि प्राण्यांची पाहणी चालली असतां तो सांपडला. म्हणजे ओळख झाली आणि निरोपाची तयारीहि त्याच वेळीं सुरू झाली. २००० सालीं नदीचें पाणी जनित्रांकडे वळलें. या केंद्राची शक्ति १८० मेगावॅट. गरीब देशाला हा लाभ लहान नव्हे. पण घळींत पूर्वीच्या प्रवाहाचा जेमतेम दहावा हिस्सा उरला. तुषार थांबले आणि गवत सुकूं लागलें.

"मग काय, लोकांनीं अंधारांत बसायचें?" स्नेही मध्येंच म्हणाले. त्यांचें सारें आयुष्य धरणें आणि कालवे बांधण्यांत गेलेलें आहे. "पांच एकर चिखलासाठीं हजारों घरांत कंदील ठेवायचे? अहो, दोघांचा तोटा झाला तरी दहा हजारांचा फायदा होतो कीं नाहीं, एवढेंच पाहायचें असतें."

मी गप्प राहिलों. मेणबत्ती फडफडत होती, उकडत होतें, आणि पंखा केव्हां सुरू होतो याची स्नेह्यांइतकीच मीहि वाट पाहत होतों. दिव्याखालीं बसून विजेला नांवें ठेवणें मला जमत नाहीं. पण 'दोघांचा तोटा' हे शब्द मीं पूर्वीं कोठें तरी ऐकले होते, आणि मन एकदम साठ-पासष्ट वर्षें मागें गेलें.

माझें आजोळ सह्याद्रीच्या कुशींत एका नदीच्या कांठीं होतें. 'होतें' हा शब्द येथें अक्षरशः खरा आहे. तें गांव आज पाण्याखालीं आहे. धरण झालें, त्याच्या विजेचे दिवे दूरदूरच्या शहरांत लागले, आणि त्यांतल्याच एका दिव्याखालीं अभ्यास करून मीं परीक्षा दिल्या. आजोळच्या मंडळींना डोंगराखालीं एका उघड्या माळावर घरें मिळालीं. आजीनें जातांना देव घेतले, जातें घेतलें आणि तुळशीची ओंजळभर माती फडक्यांत बांधून घेतली. सुटींत मी नव्या घरीं राहावयास गेलों, तेव्हां मध्यरात्रीं मला जाग आली. पाहतों तों आजी अंथरुणावर उठून बसलेली.

"काय झालं, आजी?" मीं विचारलें.

"कांहीं नाहीं रे बाळा. पाण्याचा आवाज येत नाहीं ना, झोंप कशी लागावी?"

तिला घर मिळालें होतें, जमीन मिळाली होती. कागदोपत्रीं पाहिलें तर तिचें फारसें कांहीं गेलें नव्हतें. पाण्याच्या आवाजाची नोंद कोणत्या कागदावर करतात हें तिला ठाऊक नव्हतें, आणि मलाहि आजवर समजलेलें नाहीं.

मीं हें स्नेह्यांना सांगितलें नाहीं. बेडकाचीच गोष्ट पुढें चालविली.

२००० सालच्या अखेरीस ४९९ बेडूक विमानानें न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयांत नेण्यांत आले. नेणें सोपें होतें, जगविणें कठीण होतें. ज्याच्या स्वभावाची कोणाला धड ओळख नाहीं अशा पाहुण्याचें पथ्यपाणी सांभाळावयाचें कसें? कांचेच्या पेट्यांत यंत्रानें तुषार उडवावयाचे, पाणी गाळून निर्मळ ठेवावयाचें, उन्हांतल्या अतिनील किरणांची उणीव भासूं नये म्हणून निराळे दिवे लावावयाचे, आणि एवढ्याशा तोंडांत मावतील असे चिलटांसारखे किडे मुद्दाम वाढवावयाचे. एवढें करूनहि रोगांनीं आणि आहारांतल्या उणिवांनीं बेडूक मरत राहिले. निरनिराळ्या संग्रहालयांत ते वांटून ठेवले होते. त्यांपैकीं ब्रॉन्क्स आणि ओहायो राज्यांतलें टोलेडो या दोनच ठिकाणीं वंश टिकला. २००४ च्या सुमारास एकंदर संख्या शंभराच्याहि खालीं उतरली होती. तेथून त्यांच्या रखवालदारांनीं ती पुन्हां हजारांवर नेली.

इकडे घळींत काय चाललें होतें? तेथें २००१ सालीं नळ टाकून कृत्रिम तुषारांची सोय केली होती. गवत सांवरलें, बेडूकहि सांवरले. २००३ च्या जून महिन्यांत त्यांची संख्या वीस हजारांच्या घरांत गेल्याचा अंदाज होता. संकट टळलें असें वाटत असतांनाच कांहीं महिन्यांत सारें संपलें. २००४ च्या जानेवारींत शोध घेणारांना तीन बेडूक दिसले आणि दोन नरांचा आवाज ऐकूं आला. मेलेल्या बेडकांच्या कातडीवर एक सूक्ष्म बुरशी सांपडली. बेडूक कातडीनें पाणी पितो, पुष्कळसा श्वासहि कातडीनेंच घेतो; ही बुरशी कातडीच बिघडविते, अंगांतल्या क्षारांचा तोल जातो आणि हृदय बंद पडतें. तिनें जगांतल्या अनेक जाति आजवर बुडविल्या आहेत. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीप्रमाणें उभयचर प्राण्यांच्या दर पांच जातींपैकीं सुमारें दोन आज धोक्यांत आहेत.

२००९ सालीं किहान्सीच्या बेडकाची गणना 'निसर्गांत नामशेष' या वर्गांत झाली. त्याच सालीं आपल्या आंबोलीच्या परिसरांतल्या एका भेकाची शास्त्राला नव्यानें ओळख झाली, आणि तोहि आज अत्यंत धोक्यांतल्या जातींत मोडतो. 'निसर्गांत नामशेष' ही संज्ञा मोठी विलक्षण आहे. जीव आहे, वंश आहे, पण त्याला पत्ता नाहीं. दुष्काळांत शेतकरी पोटाला चिमटा घेऊन बियाणें राखतो, तसें त्या दोन संग्रहालयांनीं हें बियाणें राखलें. पण बियाणें कांहीं कणगींत ठेवण्यासाठीं नसतें. त्याला शेत हवें, आणि शेतावर पाऊस हवा.

म्हणून या हकीकतीचा पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. २०१० सालीं शंभर बेडूक अमेरिकेहून परत टांझानियांत, दार-ए-सलामच्या विद्यापीठांत आले. तेथील लोकांनीं त्यांना वाढविण्याची विद्या हस्तगत केली, आणि २०१२ सालीं सुमारें दोन हजार बेडूक किहान्सीच्या घळींत सोडण्यांत आले. मधल्या बारा वर्षांत कितीतरी पिढ्या कांचेंत जन्मल्या आणि कांचेंतच संपल्या. सोडलेल्या बेडकांपैकीं एकानेंहि तो धबधबा पूर्वीं पाहिला नव्हता.

येथें मला माझ्या मामेभावाची आठवण झाली. त्याचा जन्म माळावरचा. एका अवर्षणाच्या वर्षीं धरणाचें पाणी खूप खालीं गेलें, देवळाचा कळस दिसूं लागला, मग घरांचीं जोतीं उघडीं पडलीं. आम्ही दोघे पाहावयास गेलों. ज्या घरांत तो एक दिवसहि राहिला नव्हता त्या घराच्या जोत्यावर चढण्यापूर्वीं त्यानें वहाणा काढून ठेवल्या. पुढच्या पावसाळ्यांत पाणी पुन्हां चढलें. त्याला जें मिळालें नाहीं तें त्या दोन हजार बेडकांना मिळालें. त्यांचा मला क्षणभर हेवा वाटला हें मी कबूल करतों.

"मग आतां सुखी आहेत म्हणायचे!" स्नेही म्हणाले.

"तसं नाहीं," मीं म्हटलें. "एकदां सोडून भागलं नाहीं, त्यानंतर पुनःपुन्हां सोडावे लागले. बुरशी तिथून गेलेली नाहीं. आणि तुषार अजून नळांतूनच उडवावे लागतात. ते बंद पडले तर सारं संपलं."

स्नेही थोडा वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "नळाला पंप आहे का?"

"नाहीं. वरच्या अंगाला पाणी घेतात आणि तें उताराच्या जोरानंच तोट्यांतून उडतं."

त्यांनीं खिशांतून पेन काढलें, टीपॉयवरचा एक पाठकोरा कागद ओढला आणि मेणबत्तीजवळ धरून ते त्यावर रेघा मारूं लागले. कडा आली, नळ आला, तोट्या आल्या. "गाळणी हवी," ते पुटपुटले, "नाहींतर गाळानं तोट्या तुंबतील." त्यांची थट्टा केव्हांच मावळली होती. कागद पुरा झाल्यावर तो दूर धरून ते म्हणाले, "अहो, यांत अवघड असं कांहींच नाहीं. धरणाच्या पहिल्या नकाशांतच काढतां आलं असतं हें."

"मग कां काढलं नसेल?"

"आमच्या कामांत पाणी किती आणि उंची किती, एवढंच विचारतात." ते थांबले. "तिथं राहतं कोण, हें विचारणं आमच्याकडं नव्हतं."

तेव्हां मीं त्यांना आजीची गोष्ट सांगितली. त्यांनीं ती मध्यें न बोलतां ऐकली. आजोळ कोणतें, धरण कोणतें, हें त्यांनीं विचारलें नाहीं आणि मींहि सांगितलें नाहीं.

एवढ्यांत वीज आली. घरभर लख्ख उजेड पडला, मुलांनीं टाळ्या पिटल्या, डोक्यावरचा पंखा घरघरूं लागला. बाहेर पाऊस उणावला होता आणि कर्दळीच्या बाजूनें कांहीं आवाज येत होता. पण पंख्याच्या घरघरींत तो नीट ऐकूं येईना. स्नेही उठले, भिंतीपाशीं गेले आणि त्यांनीं पंखा बंद केला.