उपाशी पोट आणि दारावरची थाप

राखेच्या बुधवारी वाचले जाणारे शुभवर्तमान मत्तयाच्या सहाव्या अध्यायातले आहे. त्यात प्रभू येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या क्रमाने बोलतो. उपवास शेवटी येतो. आम्ही मात्र गुरुदीक्षेनंतर कित्येक वर्षे तो पहिला धरून चाललो होतो.

ख्रिस्तसभेचा नियम तसा सौम्य आहे. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी प्रायश्चित्ताचे नियम नव्याने घालून दिले. १९८३ च्या धर्मसंहितेनुसारही उपवासाचे सक्तीचे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. एक वेळ पोटभर जेवावे, इतर वेळी थोडेसे खावे; तेही अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे लागेपर्यंतच. मांसवर्ज्य शुक्रवाराची कथा तर विचारूच नये. आमच्या वसईत त्या दिवशी मटणाला हात न लावणारा भाविक पापलेटाची किंमत मोजताना मागेपुढे पाहत नाही. नियम पाळला जातो, जिभेला मात्र उपवास घडत नाही. (आम्हीही त्याच ताटातले, म्हणून हे लिहिण्याचे धाडस.)

सुमारे वीस वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात असताना आम्ही प्रायश्चित्तकाळातला प्रत्येक शुक्रवार केवळ पाण्यावर काढायचे ठरवले. कोणाला कळू नये अशी इच्छा होती. पण आचाऱ्याला सांगणे भाग होते, आणि आचाऱ्याला सांगितलेली गोष्ट गावात कितीशी लपून राहणार! खरे सांगायचे तर ती लपली नाही याचे आम्हांला फारसे दुःखही झाले नाही.

चौथ्या शुक्रवारी भर दुपारी दारावर थाप पडली. डोके ठणकत होते. नित्यप्रार्थना घड्याळाकडे पाहत कशीबशी उरकली होती. दारात एक म्हातारी उभी होती. मुलाच्या दारूविषयी तिला बोलायचे होते. आम्ही उभ्या उभ्याच तिला सांगितले, "कार्यालयाची वेळ चारनंतर. आत्ता नाही."

"बरं, फादर," ती म्हणाली. पायरी उतरता उतरता थांबली. "आज तुम्ही जेवला नाहीत, ठाऊक आहे मला. मीही नाही जेवले. पोरासाठी चाळीस दिवस दुपारचं सोडलंय. तेवढे तांदूळ पाड्यावरच्या मुलांना देते."

ती उन्हात निघून गेली. आम्ही दार लावले; पण आत जाववेना. उपवासाच्या दिवशीही भांडणाऱ्या आणि मजुरांना पिळणाऱ्या लोकांना यशया संदेष्टा अठ्ठावन्नाव्या अध्यायात खडसावतो. तो उतारा आम्ही त्याच काळातल्या पहिल्या शुक्रवारी वेदीवरून वाचला होता, वर त्यावर प्रवचनही दिले होते! पाचव्या शतकातले राव्हेनाचे बिशप संत पीटर क्रिसोलोगस प्रार्थना, दया आणि उपवास यांना वेगळे करू नका असे बजावतात. सेमिनरीत ते आम्ही परीक्षेपुरते शिकलो होतो. त्या म्हातारीने क्रिसोलोगसचे नावही ऐकले नसेल. पण तिच्या एका मूठ तांदळात ती तिन्ही होती. आमच्या रिकाम्या पोटात नुसता राग होता.

संध्याकाळी क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो. क्षमा मागितली. तिला फार संकोच वाटला. तिने घाईघाईने पाट मांडला. आम्ही तिघांनी मिळून रोझरी म्हटली. मुलगा दाराशी बसून होता, शेवटच्या दशकाला त्याने ओठ हलवले.

त्या वर्षी त्याची दारू सुटली नाही. पुढच्या राखेच्या बुधवारी मिस्सानंतर म्हातारी भेटली. तिने पुन्हा चाळीस दिवसांचा नेम धरला होता. आम्ही आता प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी दुपारी वाटीभर पेज घेतो आणि दार उघडे ठेवून बसतो.