स्वतःचाच पंचनामा

सरकारी नोकरीत असताना पंचनामे पुष्कळ पाहिले. दोन पंच जमवायचे, त्यांच्या सह्या घ्यायच्या आणि पुढे ते साक्षीत फिरणार नाहीत ना, याची चिंता वाहायची, हा त्या कामाचा खरा जाच. अमेरिकेतील टिम जिओनेट याने मात्र आपल्या अपराधाचा पंचनामा स्वहस्तेच केला. 'बेक्ड अलास्का' या टोपणनावाने इंटरनेटवर थेट प्रक्षेपणे करणारा हा इसम ६ जानेवारी २०२१ रोजी जमावाबरोबर वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल या संसदभवनात शिरला आणि सुमारे २७ मिनिटे आतले सारे जगाला दाखवीत राहिला. तेच चित्रण पुढे त्याला भोवले.

मे २०२२ मध्ये तो कबुलीजबाब देण्यास न्यायालयात उभा राहिला खरा. परंतु आपण निर्दोष आहोत, असेही म्हणाला. न्यायाधीशांनी तसली कबुली स्वीकारण्यास नकार दिला. जुलैमध्ये त्याने ती रीतसर दिली. गुन्हा किरकोळ वर्गातला, कमाल शिक्षा सहा महिन्यांची. जानेवारी २०२३ मध्ये त्याला ६० दिवसांची कैद फर्मावण्यात आली. पुढे २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्या दिवसाच्या सुमारे १५०० आरोपींना माफी दिली, त्यांत हाही आला.

कॅमेऱ्यापुढे अखंड बोलणाऱ्या या माणसाला 'हे मी केले' एवढे म्हणावयास दोन महिने अधिक लागले. माफीने शिक्षा पुसली जाते. न्यायासनासमोर उच्चारलेले ते वाक्य मात्र दप्तरी राहते. मला त्या साठ दिवसांहून तेच मोलाचे वाटते.