कोपऱ्यापर्यंतच

परवां औषध आणावयाचें होतें, म्हणून सोळा वर्षांच्या पुतण्याच्या हातीं मींच स्कूटरची किल्ली दिली. "भाऊजी, त्याला परवाना कुठें आहे?" वहिनींनीं विचारलें. "कोपऱ्यापर्यंतच तर जायचें!" मी हंसून म्हणालों. तो सुखरूप परतला. पण रात्रीं कायदा वाचला आणि माझी मान खालीं गेली.

सोळाव्या वर्षीं परवाना मिळतो, तो केवळ ५० सी. सी. पर्यंतच्या, गिअर नसलेल्या गाडीचा. आमची स्कूटर त्याहून मोठी. तिला अठरा वर्षें पुरीं व्हावीं लागतात. २०१९ सालच्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयी मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक किंवा गाडीचा मालकहि दोषी धरला जातो. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाहीं!

गाडी माझ्या नांवावर, मुलगा मात्र वहिनींचा. माझ्या हौसेपायीं त्याचीं कित्येक वर्षें अडलीं असतीं. सकाळीं त्याला जवळ बसवून म्हटलें, "बाळ, चूक तुझी नव्हे, माझी." मग किल्ली वहिनींच्या स्वाधीन केली. त्या कांहीं बोलल्या नाहींत. किल्ली मात्र त्यांनीं लगेच कपाटांत ठेवली.